रेडिओतली वीट

यवतमाळच्या एका संग्राहकानं मला फसवलं. माझा स्पूलचा टेपरेकॉर्डर तो घेऊन गेला आणि बदल्यात जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणून एक लाकडी खोकं देऊन गेला. खोक्याच्या पोटात वीट होती. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं माझी भाषा मवाळ वाटली तर माझा राग गेला असं कुणी समजू नये. राग आहे तसाच आहे. फक्त आता जीव थाऱ्यावर आहे, म्हणून नीट लिहिता येतंय. ते दोन दिवस मला स्वतःची सहीसुद्धा धड करता आली नसती.

मी आदिलाबादला भंगाराचा धंदा करतो. आमचं गाव बेल्याजवळ. आई वाफ्यांत भाजी लावायची आणि टोपली घेऊन आदिलाबादच्या बाजारात बसायची. मी सातवीपर्यंत शिकलो आणि हातगाडी धरली. आज माझं गोदाम आहे, पिकअप गाडी आहे, आणि यातलं काही मला कुणी दिलेलं नाही. वस्तू उचलली की आत तांबं किती, लोखंड किती, हे माझा हात सांगतो. काट्यावर ठेवतो ते समोरच्याच्या समाधानासाठी. या हातावर माझा फार भरवसा होता. तोच मला नडला.

भंगारातूनच मी जुन्या रेडिओंच्या नादी लागलो. एक निवृत्त वायरलेस ऑपरेटर एका कॉइलच्या शोधात माझ्या गोदामात आले होते. मी त्या कॉइलचा भाव इतका ताणला की शेवटी ते म्हणाले, हिचा उपयोग काय ते सांग आणि मागशील तो भाव घे. मला सांगता येईना. मग त्यांनीच शिकवलं, आणि तेव्हापासून ते माझे गुरुजी. पुढं त्यांनी माझ्याकडून हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याची परीक्षाही करून घेतली. आता गोदामामागच्या खोलीत माझा सेट आहे, कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तार ताणलेली आहे. रोज सकाळी चाळीस मीटरच्या रेडिओपट्ट्यावर आम्ही मराठी मंडळी जमतो, काही पैनगंगेच्या अलीकडची, काही पलीकडची. गुरुजी हजेरी घेतात. कुणी नवीन ॲन्टेना लावल्याचं सांगतो, कुणी नुसतं हवामान सांगतो. तिथं धंद्याचं बोलायचं नाही आणि शिवीगाळ करायची नाही, परवान्याच्या अटीच तशा आहेत. दुसरी अट माझ्यासाठीच लिहिली असावी असं गुरुजी म्हणतात.

गुरुजींनी शिकवलेल्या दोन गोष्टी इथं सांगितल्या पाहिजेत.

पहिली ही, की बरीच वर्षं पडून राहिलेला व्हॉल्व्हचा रेडिओ कधीही सरळ विजेला लावायचा नाही. आतले जुने कंडेन्सर फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी मध्ये एक बल्ब जोडून थोडी थोडी वीज पाजायची, मुलाला पेज भरवतात तशी. त्यामुळे आमच्यातला कुणी जुना रेडिओ दाखवायला आणला तर "लावून दाखव" असं म्हणणारा माणूस अडाणी ठरतो.

दुसरी गोष्ट स्पूलच्या टेपची. वाजवून झाल्यावर सगळी फीत डावीकडच्या स्पूलवरून उजवीकडच्या स्पूलवर गेलेली असते. तिला लगेच मागं गुंडाळायचं नाही. तशीच, शेवटचं टोक वर ठेवून, ठेवून द्यायची. याला आम्ही 'शेपूट बाहेर' म्हणतो. कारण असं, की फितीचे थर एकमेकांवर दाबून वर्षानुवर्षं पडले की आवाजाची पुसट सावली शेजारच्या थरावर उमटते. फीत सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवली असेल तर शब्दाच्या आधीच त्याचं भूत ऐकू येतं. शेपूट बाहेर ठेवली तर ते शब्दाच्या मागून येतं, विहिरीतल्या आवाजासारखं, आणि कानाला टोचत नाही. परत ऐकायची वेळ आली की तेवढ्यापुरती मागं गुंडाळायची. मी सुरुवातीच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी लावतो आणि शेपटाला लाल.

तो टेपरेकॉर्डर मला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावात मिळाला होता. दुरुस्त करून पहिल्यांदा लावला त्या दिवशी आई उरलेली वांगी घेऊन दुकानात आली. मी माइक तिच्यापुढं धरला. त्या टेपवर जे आलं ते एवढंच, चहा उकळून होईल तितक्या वेळाचं. पुढं आई गेली. तिचा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, आणि त्यात ती तिच्यासारखी दिसत नाही. घाबरलेली दिसते. माझी आई कुणाला घाबरत नव्हती. तिचं खरं रूप त्या टेपवर होतं, आणि दुसरीकडे कुठंही नव्हतं.

आता सौदा. हा संग्राहक सकाळच्या जमावातलाच. आवाज गोड, बोलणं मऊ. त्याच्याकडे एक रेडिओ आहे असं तो महिनाभर सांगत होता. गोल कोपऱ्यांचा, लाकडी, पुढं सोनेरी कापड. तसाच रेडिओ आमच्या गावात एका मोठ्या घरी होता. आई तिथं भाजी द्यायची आणि मी अंगणात उभा राहून ऐकायचो, कारण पायरीवर चढलो तर हाकलायचे. तो रेडिओ आपल्या घरात असावा असं मला किती वर्षं वाटत होतं ते मी त्याला एकदा बोलून बसलो. घेणाऱ्यानं हे कधी बोलू नये. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

तो गाडी घेऊन आला. ठरलं असं, की मशीन त्याचं, रेडिओ माझा, आणि टेपा माझ्याकडेच राहतील. आईची टेप मी त्या सकाळी शेवटची म्हणून त्या मशीनवर ऐकली होती आणि सवयीप्रमाणे, शेपूट बाहेर, उजव्या स्पूलवर तशीच राहू दिली होती. झाकण लावलेलं होतं. तो जाण्याआधी काढून घेऊ असं मनात होतं.

मी रेडिओ मागून उघडून बघू म्हणालो. तो म्हणाला, मागचा पुठ्ठा मूळचा आहे, त्यावरचा कागद हात लावला की झडतो. ते खरं असतं. मी भोकांतून आत पाहिलं, व्हॉल्व्हच्या काचा चमकत होत्या. मग मी विजेच्या बोर्डाकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यावर तो हसला.

"तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगू भाऊ. सरळ लावायचा नसतो हा."

मी मान डोलावली. स्वतःला अडाणी कोण ठरवून घेईल? रेडिओ उचलून पाहिला. वजन बरोबर. ट्रान्सफॉर्मरचं वजन जिथं लागायला हवं तिथंच हाताला लागलं. माझी पाहणी झाली. त्यानंतर अर्धा तास मी फक्त त्याच्या गाडीत दिसलेल्या एका जुन्या हेडफोनसाठी भांडलो. तो वर टाका, नाहीतर सौदा मोडला. तो असा कळवळून नाही म्हणत होता की मला वाटलं, मी जिंकतोय. शेवटी त्यानं हेडफोन दिला. मी खूश. या सगळ्या वेळात त्याचा डावा हात रेडिओच्या पाठीवर पसरलेला होता, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. ते मला दिसत होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही.

दुपारी मी बल्ब जोडून रेडिओला वीज दिली. बल्ब मिणमिणायलाही तयार नाही. तारा तपासल्या. मग पुठ्ठ्याकडे पाहिलं तर मूळच्या पुठ्ठ्याला नवे कोरे स्क्रू. मी मूळ कागदाची पर्वा न करता तो उचकटला. आत एक फळी, फळीवर डिंकानं चिकटवलेले चार जळके व्हॉल्व्ह, आणि ट्रान्सफॉर्मरच्या जागी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वीट. नीट, चांगल्या भट्टीची. वजन करूनच निवडली असणार, कारण माझा हात चुकत नाही.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बायको आतून आली, तिनं वीट पाहिली, टॉवेल पाहिला. मला वाटलं हसेल. ती हळूच म्हणाली,

"अहो, आन् आत्याबाईची टेप?"

 आईची टेप मशीनवर होती. मशीन पैनगंगेच्या पलीकडे होतं. हेडफोन माझ्या गळ्यात होता.

फोन लावला, तो उचलेना. संध्याकाळपर्यंत लावत राहिलो. मला रेडिओचं काही वाटेनासं झालं होतं. एकच भीती होती. नवं मशीन हातात आलं की माणूस पहिलं काय करतो? माइक लावतो आणि "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" भरून पाहतो. मीही तेच केलं असतं. आणि समोर जी टेप लावलेली असेल तिच्यावरच केलं असतं. त्याचा एक-दोन-तीन आला की त्या जागेवरची आई गेली. परत यायची नाही.

दुसऱ्या सकाळी चाळीस मीटरवर हजेरी सुरू झाली. तो होता. गुरुजींनी माझं नाव पुकारताच मी सगळ्या अटी बाजूला ठेवल्या. शिवी दिली नाही, एवढंच. मी म्हणालो, विटेचं नंतर पाहू, मशीनवर माझ्या आईची टेप आहे, तिला हात लावला असेल तर सांग.  मग त्याचा तो मऊ आवाज.

"घेऊन जा भाऊ तुमची टेप. मी लावून पाहिली. पूर्ण कोरी आहे."

कोरी. बाजारात हा शब्द किती चांगला. कोरं कापड, कोरी वही. मला मात्र कुणी मानेवर मारल्यासारखं झालं. म्हणजे यानं पुसली. मग मी जे बोललो ते त्या पट्ट्यावर याआधी कुणी बोललं नसेल. गुरुजी मध्ये शिरून काहीतरी विचारत होते, टेपबद्दलच, दोनदा विचारलं. मी ऐकलं नाही. सेट बंद केला आणि पिकअपची किल्ली घेतली.

बायको आधीच गाडीत बसली होती. तुझं काय काम, म्हटलं. ती म्हणाली, तुमच्या हातून काही झालं तर सांगायला कोणी पाहिजे. खोकं आणि वीट मागं टाकली. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग होती, एकाला ओलांडावं तर पुढं दुसरी.  आई टेपवर काय काय बोलली होती ते मी मनात म्हणून पाहत होतो, आणि घाबरत होतो, कारण शब्द आठवत होते पण आवाज येत नव्हता.

त्याच्या घरी बैठकीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर वीसेक टेपरेकॉर्डर आणि रेडिओ, एकापेक्षा एक चकचकीत. माझं मशीन टेबलावर होतं. मी मोकळं खोकं आणि टॉवेलातली वीट त्याच्यापुढं टेबलावर आदळली. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो रेडिओ त्यालाही असाच मिळाला, त्यानं कधी उघडलाच नव्हता, वगैरे सुरू झालं. मी म्हटलं, टेप लाव. त्यानं भरलेलं स्पूल डावीकडे चढवलं, फीत ओवली, बटण दाबलं.

नुसती सूं. पावसाळ्यात दूरवर नाला वाहतो तशी. आम्ही तिघं ती ऐकत उभे. मी विचारलं, यावर काय भरलंस? तो म्हणाला, काहीच नाही, मशीनची मोटर फिरते का एवढंच पाहिलं, आईची शपथ. आई हा शब्द त्यानं काढायला नको होता. मी पुढं झालो. माझा हात कुठं जाणार होता ते मला माहीत आहे, आणि बायकोलाही माहीत होतं, कारण तिनं माझी बाही धरली. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मशीनकडे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमची लाल पट्टी शेवटी येते ना? यानं लावली तं ते आधीच गेली."

मी तिच्याकडे पाहिलं. मग स्पूलकडे. आणि सकाळी गुरुजी दोनदा काय विचारत होते ते मला तिथं, त्या परक्या बैठकीत ऐकू आलं. ते विचारत होते, टेप मागं गुंडाळली होती का.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनवर फितीची रुंदी दोघांत वाटलेली असते. वरच्या अर्ध्यावर एक बाजू. संपल्यावर उजवीकडचं भरलेलं स्पूल उचलून, उलटं करून डावीकडे लावलं की उरलेला अर्धा वर येतो, ती दुसरी बाजू. माझी टेप शेपूट बाहेर होती. यानं भरलेलं स्पूल दिसलं म्हणून उचललं, फीत ओवता यावी म्हणून उलटं केलं आणि डावीकडे चढवलं. म्हणजे दुसरी बाजू लावली. दुसऱ्या बाजूवर मी कधीच काही भरलं नव्हतं. ती कोरी होतीच. पहिल्या दिवसापासून कोरी होती.

 पुढं गेलेली फीत परत डावीकडे गुंडाळली. भरलेलं स्पूल उचललं, उलटं केलं, उजवीकडे ठेवलं. रिकामं डावीकडे. फीत ओवली आणि मागं गुंडाळायचं बटण दाबलं. स्पूल गरगरत राहिलं, आणि शेवटी पांढरी पट्टी फडफडली. बायकोनं तेवढ्यात पर्समधून मोबाइल काढून मशीनच्या जाळीपाशी धरला होता. मला सुचलंही नव्हतं.

आधी टोपली ठेवल्याचा आवाज. मग आई.

"हे काय हाय रे? याच्यात बोलू? याले कान हाय काय?"

मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती, आठवत नाही.

टेपवर पुढं एक तेलुगू बाई येते, वांग्यांना हात लावून "एंता?" विचारते, म्हणजे कितीला. आई भाव सांगते, बाई निम्मा सांगते, आई तिच्या हातातून वांगं काढून टोपलीत ठेवते, ते ठेवल्याचं ऐकू येतं. राहू दे बाई, माझ्या घरी भाजी होईल, असं म्हणून ती टोपली उचलते. बाई मागं बोलावते. सौदा आईच्या भावाला होतो. मी हसतो, तरुण आवाजात. आणि आई माझ्यावर वळते.

"तू काऊन हसून राह्यला? भाव करताना तोंड नोको पाहू समोरच्याचं. तोंड तं कोनीबी गोड करते. हात पाह्य त्याचे."

त्याच्या मागून, पुसट, सावलीसारखं परत, हात पाह्य त्याचे.

हे वाक्य मी शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी मान वर करून पाहिलं, तर तो माणूस टेबलाशी उभा होता आणि त्याचा डावा हात मोकळ्या खोक्याच्या पाठीवर होता. सवयीनं. माझ्या नजरेनं त्यानं तो काढून घेतला. तोंडानं मात्र म्हणाला, अस्सं असतं होय, हे शेपटाचं मला माहीतच नव्हतं. वीस टेपरेकॉर्डर फळीवर आणि शेपूट बाहेर माहीत नाही. या माणसानं आयुष्यात कुणाचा आवाज भरून ठेवलेला नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच्या या अडाणीपणामुळेच टेप वाचली, हेही कळलं. बरोबर बाजूनं लावली असती तर, भरलेली दिसली म्हणून पुसून विकलीही असती.

 बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण छातीवरून पोतं उतरल्यावर माणूस आधी नुसता उभा राहतो. टेप काढली, डबीत घातली, टेबलावरचं माझं उचललं आणि निघालो. बाहेर ऊन छान वाटत होतं. बायकोनं रस्त्यात केळी घेतली, मी भावही केला नाही. कापसाच्या गाड्या पुढं चालल्या होत्या, चालू दिल्या. ती मोबाइलवर आईचा आवाज पुन्हा पुन्हा लावत होती आणि तिच्या शेजारी मी पोरासारखा बसलो होतो.

पैनगंगेच्या पुलावर तिनं मोबाइल बंद केला आणि मागं वळून पाहिलं.

"मशीन कुठं हाय?"

मी गाडी कडेला घेतली. टेबलावरचं माझं म्हणून मी जे उचललं होतं ते मागं पडलेलं होतं. वीट. टॉवेलसकट. मशीन सोडून मी वीट घेऊन आलो होतो. बायको हसायला लागली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मीही हसलो. परत जाऊ का, तिनं विचारलं. मी म्हटलं, आज नको. आज माझ्याजवळ सगळं आहे.

संध्याकाळी गुरुजींकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू दे, परवान्याच्या अटी शंभर वेळा लिहून आण. मी दहा वेळा लिहून नेल्या आणि सौदा दहावरच मिटवला.

आता आईची टेप डबीत आहे, शेपूट बाहेर. गुरुजींकडेही तसलं मशीन आहे, त्यावर लागते. मोबाइलवरचा आवाज मुलींनाही पाठवला. भीती गेली, झोप येते. पण राग कुठं जाणार? त्याच्याकडे आज माझं मशीनही आहे आणि त्याचं खोकंही. माझ्याकडे एक हेडफोन आहे, त्याचाही एक कान बंद निघाला. वीट गोदामात काट्याशेजारी ठेवली आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो.

तो सकाळच्या हजेरीला अजून येतो. हवामान सांगतो. आमच्यात बोलणं संपवताना समोरच्याला 'सेव्हन्टी थ्री' म्हणायची रीत आहे, शुभेच्छा म्हणून. मी सगळ्यांना म्हणतो, त्याला म्हणत नाही. त्याला मी धंद्याचं विचारत नाही, शिवीही देत नाही, अटी पाळतो. एकच विचारतो, आणि इथंही तेच विचारतो. तुला तो रेडिओ असाच मिळाला होता ना, उघडला नव्हतास ना? मग त्या पुठ्ठ्याचे स्क्रू नवे कसे, आणि ती वीट कुणी जोखली? रोज सकाळी मी सेटवर असतो. सगळ्यांच्या कानावर जाईल असं, तुझ्या तोंडानं उत्तर दे.